पडवीला मोटर

आमच्या फ्रिजच्या दुसऱ्या कप्प्यात श्रीखंडाच्या डब्याला खेटून जळवांचा डबा असतो. मे महिन्यात येतो आणि पानं गळायला लागली की जातो. त्यावर मी ठळक अक्षरांत 'जळवा' असं लिहून ठेवलंय, कारण एका गणपतीत आलेल्या पाहुण्यांनी काळी ऑलिव्हं समजून झाकण उघडलं होतं. त्या आरतीला त्यांचा आवाजच लागला नाही. बायको पुण्याची. तिच्या माहेरी अंडंसुद्धा गॅलरीत स्टोव्ह मांडून उकडायचे, तेही आजी झोपल्यावर. तिनं या डब्याशी तह केलाय तो एकाच कलमावर: पाणी मी बदलायचं, रोज, आणि स्वयंपाकघरातल्या बेसिनमध्ये नाही.

जळवा कशाला, तर वॉलायसाठी. वॉलाय हा मिनेसोटाचा राज्यमासा, १९६५ पासून अगदी कायद्यानं. इथं राहायचं आणि वॉलायबद्दल कमी आदरानं बोलायचं म्हणजे कोल्हापुरात बसून तांबड्या रश्श्याला नावं ठेवण्यासारखं आहे. त्याच्या डोळ्यांत आरशासारखा एक थर असतो. त्यामुळे अंधुक उजेडात त्याला छान दिसतं आणि बॅटरी मारली तर डोळे मांजरासारखे चमकतात. भर उन्हात तो खोल पाण्यात पडून राहतो, दिवेलागणीला फिरायला निघतो. म्हणजे सवयी साधारण आमच्या चिपळूणच्या पेन्शनर मंडळींसारख्या. दोन राज्यांच्या सीमेवरून वाहणाऱ्या सेंट क्रॉय नदीत मी या माशाच्या मागावर असतो. तो माझ्या मागावर नसतो.

बोट आहे पाँटून. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो: ॲल्युमिनियमची दोन लांब नळकांडी, दोन्ही तोंडं बंद, आत हवा. त्यांवर फळ्यांची सपाट जमीन, भोवती कमरेएवढा कठडा, कडेनं सोफे, वर कापडी छप्पर. मागे पंचवीस हॉर्सपॉवरचं इंजिन. लांबी अठरा फूट. शेजारच्या म्हातारबुवांनी गुडघे कुरकुरायला लागले म्हणून विकायला काढली, ती मी घेतली. त्यांनी पैसे मोजून घेतले, कागद माझ्या नावावर केले आणि एक किल्ली स्वतःकडे ठेवली. आठवड्यातून एकदा ते बोट 'जरा चालवून बघायला' नेतात.

गेल्या उन्हाळ्यात माझे वडील, अप्पा, सहा महिन्यांसाठी आले. मी त्यांना पहिल्यांदा बोट दाखवली तेव्हा त्यांनी कठड्यावरून हात फिरवला, सोफ्यावर बसून पाहिलं, छपराकडे नजर टाकली.

"बाळ्या, ही तर पडवी आहे," ते म्हणाले. "झोपाळा कुठाय?"

मी त्यांना इतिहास सांगितला. ही कल्पना याच राज्यातली. रिचमंड गावच्या ॲम्ब्रोज वीअर्स नावाच्या शेतकऱ्यानं १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला लोखंडी पिंपं एकाला एक जोडून दोन रांगा केल्या, त्यांवर लाकडी मंच ठोकला आणि तो तळ्यात सोडला. पुढे त्याचा मोठा धंदा झाला. अप्पांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"आमच्याकडे पुरात केळीच्या खांबांचा तराफा करतात," ते म्हणाले. "फक्त पाणी ओसरलं की मोडून टाकतात. ह्यांनी ठेवून दिला."

अप्पांची नोकरी पोफळीच्या वीजघरात झाली. नदीकडे बघायची त्यांची नजर त्यामुळे जरा वेगळी आहे. कोयनेचं पाणी खरं तर पूर्वेला, कराडला कृष्णेच्या भेटीला निघालेलं. ते धरणात अडवायचं, डोंगराच्या पोटातून पश्चिमेला ओढायचं, पोफळीला चाकांवर पाडायचं आणि मग वाशिष्ठीत सोडायचं. म्हणजे मुंबईत पंखे फिरले की चिपळुणात नदीला पाणी. अप्पा सुट्टीच्या दिवशी गोवळकोटच्या धक्क्यावर गरवायला जात, तेव्हा भरती-ओहोटीबरोबर विजेची मागणीही धरून हिशोब करत. मी लहानपणी शेजारी बसायचो. पलीकडच्या काठावर मगरी ऊन खात पडलेल्या असायच्या. तासन्‌तास कुणी काही बोलत नसे, मगरीही नाहीत.

इथं पाण्यात गळ टाकण्याआधी परवाना लागतो, सोळा वर्षं आणि त्यावरच्या जवळजवळ सगळ्यांना. मी अप्पांचा काढायला संगणकापुढे बसलो. राज्यात राहणाऱ्याचा वेगळा, बाहेरच्याचा वेगळा आणि महाग. मी त्यांच्या नावापुढे 'अनिवासी'वर खूण केली, तर ते चष्मा कपाळावर सरकवून बघत राहिले.

"म्हणजे अनिवासी भारतीय मी?"

"हो."

"आणि तू?"

"मी इथला निवासी."

"बरं आहे," असं म्हणून त्यांनी चष्मा खाली घेतला. "मगरींना परवाना लागत नाही ना इथं?"

मगरी नाहीतच इथं, असं मी सांगितल्यावर त्यांच्या मनातून नदी थोडी उतरली.

पाणी मात्र त्यांना आवडलं. सेंट क्रॉयचं पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं आहे. वरच्या अंगाच्या दलदलीतून, झाडपाल्यातून झिरपत येतं म्हणून. गढूळ नाही, ओंजळीत घेतलं तर स्वच्छ. स्टिलवॉटर गावापासून खाली ती इतकी पसरते की तिला नदी म्हणावं की तलाव, असा प्रश्न पडतो. प्रेस्कॉटला ती मिसिसिपीला मिळते तिथं दोन रंगांची पाणी बराच वेळ एकमेकांना न विचारता शेजारून वाहतात. मी अप्पांना एका रविवारी तिथवर नेलं. ते कठड्याला टेकून पाहत राहिले आणि म्हणाले, "हे बरंय. कुणी मधेच बोगदा नाही काढला."

आता पाँटूनचा एक दोष सांगायला हवा, नाहीतर कुणी वाचून घेऊन टाकेल. तिला वारा लागतो. नाव पाण्यात बसलेली असते. ही पाण्यावर ठेवलेली असते. कठडा, छप्पर, सोफे, सगळ्यांचं मिळून एक शीड होतं आणि ते काही केल्या उतरवता येत नाही. धक्क्याला लावताना तर तुम्ही एकीकडे जायचं ठरवता, वारा दुसरीकडे ठरवतो आणि धक्क्यावरची माणसं सँडविच खायचं थांबवून बघतात. त्यात भर म्हणजे माझी नजर कायम एका यंत्रावर. इंजिनाशेजारी मी मासे शोधायचं यंत्र बसवलंय. ते पाण्यात ध्वनिलहरी सोडतं, परत आलेल्या मोजतं आणि पडद्यावर तळ दाखवतं. मासा त्या लहरींच्या शंकूतून आरपार गेला की पडद्यावर भुवईसारखी एक कमान उमटते. एका शनिवारी अप्पांनी त्या कमानी मोजल्या. नऊ होत्या.

"नऊ दिसतायत," ते म्हणाले. "मग गळ पडद्यातच टाक ना."

त्या दिवशी गळाऐवजी मीच पडद्यात अडकलो. किनिकिनिक नावाची छोटी नदी विस्कॉन्सिनच्या बाजूनं येऊन सेंट क्रॉयला मिळते. तिच्या मुखाशी वाळूचा मोठा पंखा पसरलाय आणि उन्हाळ्यातल्या शनिवारी तिथं तरुण मंडळी बोटी लावून गाणी वाजवत असतात. मी पडद्यावरच्या कमानींचा पाठलाग करत होतो. अप्पा पुढच्या सोफ्यावर होते.

"बाळ्या, पाण्याचा रंग बघ."

"आठ फूट आहे अप्पा. सहा. थांबा हं."

"रंग बघ म्हटलं."

पुढच्या क्षणी पडवी वाळूवर चढली. जोरात नाही, बैलगाडी चिखलात थांबते तशी, सुस्कारा टाकून. मी इंजिन वर उचललं. शेजारच्या बोटींवरच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. आणि मी काठी शोधेपर्यंत पंचाहत्तर वर्षांचे अप्पा पँट दुमडून, कठड्याचं फाटक उघडून गुडघाभर पाण्यात उतरलेही होते. नळकांड्यांना फार खोली लागत नाही, हा त्या बोटीचा मोठा गुण. अडकते सहज, सुटतेही सहज. दोघांनी पाठ लावली, तिसऱ्या रेट्याला ती सुटली. अप्पांनी पोरांकडे बघून हात उंचावला. पोरांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या, या वेळी मनापासून.

वर आल्यावर त्यांनी पाय पुसले नाहीत. बोट थोडी खाली सरकवायला लावली. वाळू संपून पाणी एकदम काळं होत होतं तिथं, त्या कडेला.

"नांगर टाक. पुढून."

पुढूनच टाकायचा, हे मला पुस्तकानं शिकवलं होतं. वाहत्या पाण्यात मागून टाकला तर इंजिनाच्या वजनानं आधीच दबलेली मागची बाजू आणखी खाली ओढली जाते आणि पाणी आत चढतं. अप्पांनी ते पुस्तक वाचलेलं नाही. एका पावसाळ्यात त्यांनी एक होडी बुडताना पाहिली आहे.

"इथंच का?" मी विचारलं.

"लहान नदी खाणं घेऊन येते, मोठ्या नदीत टाकते. कडेला पाणी सुस्तावतं. मासा वाटेत कशाला उभा राहील? तो पंगतीच्या टोकाला बसतो, वाढपी येतो तिथं."

काठी त्यांनी नुसती मांडीवर ठेवली. गळाला जळू नको म्हणाले, गांडूळ लावलं. गांडुळंही इथं विकत मिळतात, डझनावर, मातीसकट पांढऱ्या पेल्यात. जळवांच्या डब्यामागे त्यांचाही एक पेला असतो हे बायकोला अजून सांगायचंय. दोरा सोडल्यावर त्यांनी तो काठीच्या पुढ्यात तर्जनीवर घेतला आणि डोळे मिटले. मला वाटलं, झोपले. गोवळकोटलाही मला असंच वाटायचं.

आपल्याकडे बापलेक समोरासमोर बसले की विषय संपतात. पैसे पुरतात ना, तब्येत बरी ना, गाडी किती ॲव्हरेज देते. बोटीत दोघंही पाण्याकडे तोंड करून बसतात, आणि कोणी उत्तर दिलं नाही तरी चालतं. पाऊण तासानं अप्पा डोळे न उघडता म्हणाले, "तू इथं राहणार हे मला तू सांगायच्या आधी दोन वर्षं कळलं होतं." मी 'कसं?' विचारणार, तेवढ्यात त्यांचं बोट हललं.

दोरा पुढे गेला नाही, नुसता जड झाला. कुणी तळाशी गोणी ओढतंय तसा. अप्पांनी घाई केली नाही. पाच मिनिटांनी करड्या चांदीच्या रंगाचा, पाठीला कुबड असलेला, दीड-दोन किलोचा मासा जाळ्यात आला.

"छे," मी म्हणालो. "सोडून द्या अप्पा. शीप्सहेड आहे. इथं कुणी खात नाही."

"का?"

खरं सांगायचं तर का ते मला माहीत नव्हतं. शेजारचे म्हातारबुवा तो लागला की नाक मुरडून परत फेकतात, म्हणून मीही नाक मुरडून फेकत आलो. कुठल्याही गावात नवीन राहायला गेलं की आधी तिथलं नाक मुरडणं शिकावं लागतं, मग भाषा.

अप्पांनी मासा उचलला. त्यानं आवाज केला. घुर्र, घुर्र, पोट भरल्यावर कुणी समाधानानं करावा तसा. अप्पांनी त्याला कानाशी नेलं आणि त्यांचा चेहरा असा झाला, जसा अनोळखी स्टेशनवर कुणी मालवणीत हाक मारल्यावर होतो.

"अरे, हा तर घोळीचा भाऊबंद!"

मी फोनवर पाहिलं, आणि लिहायला लाज वाटते, पण ते बरोबर होते. आपली घोळ, आपला ढोमा आणि हा इथला टाकाऊ मासा एकाच कुळातले. या कुळातले मासे पोटातल्या हवेच्या पिशवीवर स्नायू वाजवून घुमतात. बाकीचं घराणं बहुतेक समुद्रात आणि खाड्यांत. उत्तर अमेरिकेच्या गोड्या पाण्यात राहायला आलेला हा एकटाच. घोळीची तीच पिशवी, जिला कोळी लोक बोत म्हणतात, ती सुकवून परदेशात जाते आणि सोन्याच्या भावानं विकली जाते. २०२१ साली पालघरजवळच्या मुरबे गावच्या एका बोटीला दीडशेवर घोळी लागल्या आणि त्यांचे एक कोटीहून जास्त रुपये आले, ही बातमी अप्पांना तोंडपाठ होती. गुजरातनं तर घोळीला राज्यमासा केलाय.

"आणि इथं त्याला फेकतात," अप्पा म्हणाले. मासा त्यांनी बर्फात ठेवला. पाठोपाठ आणखी दोन लागले. वॉलाय एकही नाही. पडद्यावर कमानी उमटत राहिल्या.

परत आल्यावर बोट पाण्यातून काढताना अप्पांना इथलं सोवळं पाहायला मिळालं. झेब्रा शिंपले म्हणून नखाएवढे पट्टेदार शिंपले आहेत. काळ्या समुद्राकडचे. जहाजांच्या टाक्यांतल्या पाण्याबरोबर १९८०च्या दशकात अमेरिकेच्या मोठ्या सरोवरांत आले आणि पसरत गेले. नळ, धक्के, इंजिनं, जिथं बसतील तिथं थर चढवतात. म्हणून एका पाण्यातली बोट दुसऱ्या पाण्यात नेताना कायदा कडक. बुचं काढायची, टाक्या रिकाम्या करायच्या, इंजिनाला अडकलेला पालापाचोळा काडीकाडीनं काढायचा, आमिषाच्या डब्यातलं नदीचं पाणीसुद्धा ओतून टाकायचं. उताराच्या कडेला फलक, कधी तपासायला माणूस.

"तुझ्या आजीनं एवढं सोवळं पाळलं नव्हतं," अप्पा म्हणाले आणि कठड्याखालचं शेवाळ नखानं काढू लागले.

घरी स्वयंपाकघरात प्रवेश नव्हताच. माहेरची परंपरा राखून बायकोनं गॅरेजमध्ये इंडक्शनची शेगडी मांडून दिली. अप्पांनी जुन्या वर्तमानपत्रावर मासे साफ केले. मी टॉर्च धरला. त्यांनी पहिल्याचा गळा उघडला आणि सुरी बाजूला ठेवून बोट आत घातलं.

"हात लाव."

आत, घशात, दाढा होत्या. तोंडात नाही, घशात. गोल, गुळगुळीत, ज्वारीच्या दाण्यांसारख्या ओळीनं बसवलेल्या. शिंपले फोडायच्या दाढा. मी पुन्हा फोन पाहिला. हा मासा झेब्रा शिंपलेही फोडून खातो. अख्खं राज्य ज्यांच्यापायी ओलेत्यानं उभं आहे, ते हा घशात भरडतो, आणि आम्ही त्याला शिव्या देऊन फेकतो.

मग त्यांनी डोकं फोडलं आणि दोन खडे काढले. पांढरे, हस्तिदंतासारखे, करंगळीच्या नखाएवढे. माशाच्या कानातले. इथं ते नशीब उघडणारे खडे मानतात म्हणे. अप्पांनी धुऊन पुसून सुपारीच्या डबीत टाकले.

कालवण झालं. तिरफळं अप्पांनी चिपळूणहून आणली होती, कोकम माझ्याकडे होतंच. ओल्या नारळाच्या जागी गोठवलेला खवलेला नारळ, त्याबद्दल अप्पा काही बोलले नाहीत, पण वाटताना दोनदा माझ्याकडे बघितलं. गॅरेजचं दार उघडं होतं. पंधरा मिनिटांत शेजारचे म्हातारबुवा कुंपणाशी, मग दारात, मग खुर्चीत आले. भातावर कालवण घेतलं. दुसऱ्यांदा घेतलं. मग विचारलं, कोणता मासा.

मी सांगितलं.

ते चावायचे थांबले. अप्पांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, ताटलीकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांसमोरून परत पाण्यात फेकलेली किती वर्षं गेली असतील, मला सांगता येणार नाही. मग त्यांनी भाताचं भांडं पुढे ओढलं.

सप्टेंबरच्या अखेरीस अप्पा परत गेले. विमानतळावर सुरक्षा तपासणीत सुपारीची डबी उघडायला लावली. खड्यांविषयी काय सांगितलं ते त्यांनी मला कधीच सांगितलं नाही.

ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी सकाळी सात वाजता दारावरची बेल वाजली. बायकोनं दार उघडलं आणि तशीच मागे सरली. म्हातारबुवा उभे होते, पहाटेच माझी बोट चालवून बघायला गेलेले. दोन्ही हातांत बर्फाची पेटी. झाकण उघडलं तर आत शीप्सहेड. रेड करी, ते म्हणाले. अप्पांसारखी.

मी गॅरेजमध्ये वर्तमानपत्र अंथरलं, सुरी घेतली आणि मला आठवलं की मी आयुष्यात फक्त टॉर्च धरलाय. चिपळुणात साडेपाच झाले होते, चहाची वेळ. मी व्हिडिओ कॉल लावला.

"खवलं शेपटीकडून डोक्याकडे काढ," अप्पा म्हणाले. "आणि फोन खाली धर. तुझं तोंड रोज बघतो, मला मासा दाखव."

म्हातारबुवांनी माझ्या हातातून फोन घेतला. कुरकुरणारे गुडघे टेकून त्यांनी तो पेटीवर धरला, हळूहळू या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला. पलीकडे अप्पांची कपबशी वाजली. ते मोजत होते.

"सातच?" ते म्हणाले. "एवढी पडवी घेऊन गेला, आणि सातच?"